तारेपलीकडचं लव्हाळं

"काकू, तो विळा जरा मागे घ्या. फोटोत नको."

फोटोग्राफरने दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कुठे थोरलीच्या डोक्यात प्रकाश पडला, की काकू म्हणजे आपणच. तिला कुणी काकू म्हणत नसे. घरातली पहिली सून म्हणून लग्नाच्या दिवशी जे नाव चिकटलं ते चिकटलंच. नवऱ्यापासून शेजारच्या शेंबड्या पोरांपर्यंत सगळ्या वस्तीची ती थोरली होती. तिने विळा पाठीमागे धरला. हसा म्हटल्यावर हसली. शेजारी बाई उभ्या होत्या, गळ्यात नेहमीची दुर्बीण. ती मात्र फोटोत चालत होती.

मागे छोटंसं व्यासपीठ होतं, खुर्च्या होत्या, आणि त्याच्याही मागे, पार पलीकडच्या इमारतींपर्यंत, पाणथळ. गुडघाभर पाणी आणि माणसाच्या उंचीची लव्हाळी. आज ती जागा पक्ष्यांसाठी राखीव म्हणून जाहीर झाली होती. भाषणांत बाईंचं नाव आलं, मग थोरलीचंही आलं. टाळ्या पडल्या. थोरली आधी दचकली आणि मग स्वतःही वाजवायला लागली.

"स्वतःच्या नावाला टाळ्या वाजवत नाहीत," बाई तिच्या कानाशी म्हणाल्या.

"मग कोण वाजवणार? नवरा घरी बसलाय."

बाई हसू दाबता दाबता खोकल्या.

नवरा घरी बसलेला असायचा हे खरंच होतं. वस्तीतल्या बायका पाण्यात उतरून लव्हाळी कापायच्या, काठावर वाळवायच्या, आणि पुरुष मागावर बसून त्यांच्या चटया विणायचे. थोरलीचा नवरा चांगला विणकर. गुडघे गेल्यापासून तो माग सोडून फारसा उठत नसे. "मी बसून खातो, ती उभी राहून खाऊ घालते," असं येईल त्याला सांगायचा. त्याची चटई सरळ उतरायची, कडा कुठे वाकडी जायची नाही. पलीकडच्या इमारतींतसुद्धा त्याच्या चटया होत्या, पण त्या कुणी विणल्या हे तिथे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिथल्या माणसांना वस्ती दिसायची ती गच्चीवरून, पत्र्यांची एक ओळ म्हणून.

मग काही वर्षांपूर्वी राडारोड्याचे ट्रक यायला लागले. कुण्या कंपनीला पाणथळ भरून तिथे दुकानं आणि घरं बांधायची होती. पहिला ट्रक रिकामा झाला तेव्हा वस्ती नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी थोरली हातातला भारा टाकून ट्रकसमोर जाऊन उभी राहिली. का, ते तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. तिच्यामागून चार-पाच बायका आल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. तेवढ्यात पाणथळीला वळसा घालून, धापा टाकत, डोक्यावर छत्री आणि गळ्यात दुर्बीण अशी एक म्हातारी आली आणि म्हणाली, "सरका थोड्या. मलाही उभं राहू दे."

त्या बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, पलीकडच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या. त्यांना पक्ष्यांचं वेड होतं. तिथून पुढे दोघींची जी जोडी जमली ती बघणाऱ्याला गंमत वाटावी अशी होती. बाई कोर्टाचे कागद करायच्या, थोरली माणसं गोळा करायची. बाई पुस्तकातली नावं सांगायच्या, थोरली त्याच पक्ष्याला वस्तीत काय म्हणतात ते सांगायची, आणि त्यातलं एखादं नाव इतकं अचकटविचकट असायचं की बाई लाल व्हायच्या. कोर्टाच्या व्हरांड्यात तासन्‌तास बसून बाईंचे पाय सुजले की थोरली ते मांडीवर घेऊन चेपायची. बाईंनी तिला सांगून पाहिलं होतं, की मला अहो-जाहो करू नकोस. थोरलीने दोन दिवस प्रयत्न केला. जीभ वळेना. शेवटी बाई 'तू' म्हणत राहिल्या आणि थोरली 'तुम्ही'.

शेवटच्या सुनावणीला बाई स्वतः बोलायला उभ्या राहिल्या होत्या. "ही जागा पक्ष्यांची आहे. तिला यापुढे माणसाचा हात लागता कामा नये," असं त्या म्हणाल्या, आणि आवाज असा लागला की मागे बसलेल्या थोरलीच्या अंगावर काटा आला. तिने सगळ्यांच्या आधी मान डोलावली होती.

आणि आता पाणथळ वाचली होती. थोरली त्या समारंभातून घरी आली, नवऱ्याला भाषणं साग्रसंगीत करून दाखवली, आणि दोन दिवस थांबलेलं काम उद्यापासून धरायचं म्हणून विळ्याला धार लावून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर काठाने तारेचं कुंपण घालायचं काम चाललेलं. गेटपाशी नवी कोरी पाटी. थोरली अक्षर लावून लावून वाचत असे. आत जाणे, मासे पकडणे, अंडी गोळा करणे, गवत व लव्हाळी कापणे गुन्हा आहे, असं त्यावर होतं. तिने समाधानाने मान हलवली. बरी जरब बसवली ट्रकवाल्यांना. ट्रकवाले लव्हाळी कशाला कापतील असा एक प्रश्न मनात येऊन गेला, पण सरकारी पाटीवर काय काय लिहिलेलं असतं, आपण कुठे कुठे डोकं लावायचं, म्हणून तिने तो सोडून दिला आणि गेट ढकललं.

"वहिनी, आत जाऊ नका."

धाकटा होता. तिचा दीर. राखणदार म्हणून वस्तीतल्या दोघांना घेतलं होतं त्यात त्याचा नंबर लागला होता, आणि ती बातमी थोरलीनेच घरोघर सांगितली होती. अंगावर नवा गणवेश, बाह्या जरा लांब.

थोरलीला आधी त्या बाह्याच दिसल्या. मग तो 'नका' कानात शिरला. ती या घरात आली तेव्हा हा अंगठा चोखत होता. तिच्या कडेवर वाढला. अख्ख्या जन्मात त्याने तिला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"तुला बरं नाही का?" तिने विचारलं.

"बरं आहे. पण आत जाता येणार नाही. पाटी वाचली ना?"

"वाचली की. ती ट्रकवाल्यांची आहे."

"सगळ्यांची आहे, वहिनी." तो तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत बोलत होता. "साहेबांनी निक्षून सांगितलंय. ओळख-पाळख काही नाही. जरा समजून घ्या."

ती तिथे बराच वेळ उभी राहिली. तो रस्ता अडवून उभा होता असंही नाही. बाजूलाच होता, हात मागे बांधून. तिला वाटलं, हा आता हसेल. नाहीच हसला, तेव्हा ती घरी परत आली.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "टोपी नवी आहे. डोक्याला घट्ट होत असेल," तो म्हणाला. "सैल होईल चार दिवसांत."

टोपी सैल झाली नाही. घरातली वाळलेली लव्हाळी सरत आली. धाकटा संध्याकाळी गणवेश काढून जेवायला बसला की पुन्हा 'वहिनी, वाढ ना' म्हणायचा, आणि थोरली वाढायची; पण दोघंही पाणथळीचा विषय काढायचे नाहीत. वस्तीत मात्र दुसरा विषय नव्हता. शेजारीण तिला पाणी भरताना म्हणाली, "तुझ्या बाईंनी चांगलं वाचवलं ग. इतकं वाचवलं की आता कुणाला दिसायचं नाही." आणि थोड्या वेळाने, भांडं डोक्यावर चढवता चढवता, "ट्रकवाल्यांनी निदान आपल्याशी बोलणी तरी केली असती."

हे थोरलीच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. ट्रकसमोर पहिली उभी राहिली ती आपण. त्या दिवशी भारा टाकला नसता, सरळ डोक्यावर घेऊन घरी आलो असतो, तर? तर पाणथळ गेली असती. आणि आता आहे, तर आपण गेलो. डोकं एवढ्यावर आलं की पुढे सरकायचंच नाही.

शेवटी ती बाईंकडे गेली. बाईंनी दार उघडलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि काही न विचारता पाण्याचा पेला आणला. दोघी खाली बसल्या, चटईवर. चटई थोरलीच्याच घरची होती, बाईंनी केसच्या पहिल्या वर्षी घेतलेली.

"मला वाटलं होतं तू येशील," बाई म्हणाल्या. "म्हणजे, मीच यायला हवं होतं."

"बाई, तुम्हाला माहीत होतं?"

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून सगळी पाणथळ दिसत होती. "मी कोर्टात म्हटलं होतं. तुझ्यासमोरच म्हटलं होतं. माणसाचा हात लागता कामा नये."

"ऐकलं होतं मी. मान पण डोलावली."

"मग?"

"मला वाटलं माणसं म्हणजे ते," थोरली म्हणाली. "कंपनीवाले, ट्रकवाले. आम्ही कुठे माणसांत? आम्हाला कुणी त्यात धरेल असं वाटलंच नाही."

ती हे तक्रार म्हणून म्हणाली नव्हती. तिला खरोखरच तसं वाटलं होतं. पण बाईंचा चेहरा कुणी थोबाडीत मारावी तसा झाला. त्या म्हणाल्या, "मला पण तेच वाटलं होतं ग. नाही, खरं सांगू? मी तुमचा विचारच केला नव्हता. तू रोज माझ्याबरोबर होतीस, त्यामुळे तू आमच्यातली झाली होतीस. लव्हाळी कापणारी म्हणून तू माझ्या डोळ्यांसमोर नव्हतीसच."

"रोज विळा घेऊन तर यायचे."

"हो ना."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती. बाई पुढे बोलल्या ते हळू, स्वतःशी वाद घातल्यासारखं. "पण एक सांग. घरटी असतात तेव्हा तू तेवढा भाग सोडतेस, मी पाहिलंय. सगळे सोडतात का?"

थोरलीला खोटं बोलता आलं असतं. तिला आठवलं, आपल्याच जावेने एका वाईट वर्षी पाणकोंबडीची अंडी आणली होती, आपणच ती उकडली होती, आणि पोरांनी ती चाटूनपुसून खाल्ली होती. "सगळे नाही सोडत," ती म्हणाली.

"तेच," बाई म्हणाल्या. पण जिंकल्याचा आनंद त्यांच्या आवाजात नव्हता. "मी आमच्या पक्षीमित्र मंडळात बोलते. राखीव क्षेत्राचे साहेब मंडळाचं ऐकतात. काहीतरी मार्ग काढू. ठरावीक महिन्यांत, ठरावीक भागात. परवानगी देता येईल."

थोरली घरी परतताना मनाशी शोधत राहिली, की आपल्याला राग नेमका कुणाचा आला आहे. बाईंचा यावा तर त्यांनी सगळं कबूल करून टाकलं होतं. कबूल केलेल्या माणसावर रागवायचं कसं? धाकट्याचा यावा तर त्याच्या पगारावर निम्मं घर चाललं होतं. पक्ष्यांचा तर येतच नव्हता.

पक्षीमित्र मंडळाने बाईंचं ऐकून घेतलं आणि मान्य केलं नाही. एकाला सूट दिली की दहा येतील, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मात्र मंडळाला थोरलीबद्दल फार आदर होता. म्हणून त्यांनी एक सुचवलं, आणि ते सांगायला बाई वस्तीत आल्या तेव्हा त्यांना वर बघवत नव्हतं. गेटजवळ माहिती केंद्र व्हायचं होतं. तिथे सुट्टीच्या दिवशी थोरलीने आणि तिच्या नवऱ्याने लोकांना चटई विणून दाखवावी. लव्हाळी दुसऱ्या गावाहून विकत आणता येतील.

नवरा मागावर बसून ऐकत होता. "म्हणजे आम्ही काचेच्या आत की बाहेर?" त्याने विचारलं. चेष्टा करत होता की खरंच विचारत होता ते बाईंना कळलं नाही. थोरलीलाही कळलं नाही. तिला एकदम हसू फुटलं, आणि ते इतका वेळ थांबेना की शेवटी तिने डोक्याचं फडकं सोडून डोळे पुसले. बाई चहा न घेताच गेल्या.

त्यानंतर पावसाळा येऊन गेला. वस्तीतली काही घरं उठून बांधकामांवर गेली. नवऱ्याने प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या चटया विणायला घेतल्या. त्या विकल्या जायच्या, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण "लव्हाळ्याला वास असतो, ह्याला नुसता आवाज," असं म्हणून तो मध्येच माग थांबवायचा. तारेपलीकडे लव्हाळी दाट झाली होती. कधी नव्हे ते पाहुणे पक्षी आले होते, त्यांना बघायला इमारतींच्या बाजूने लाकडी मचाण बांधलं होतं, आणि त्यावर मुलांना घेऊन माणसं उभी असायची. थोरलीही कधी कधी तारेपाशी उभी राहून बघायची. पक्षी चांगलेच दिसायचे. ते चांगले दिसतात याचंच तिला काय करावं कळायचं नाही.

अशातच एका सकाळी ती नळावर कपडे धूत असताना धाकटा धावत आला. टोपी हातात, तोंड सुकलेलं.

"वहिनी, चल. लवकर चल. बाई पाण्यात उतरल्यात."

'चल' म्हणाला, हे तिच्या लक्षात आलं ते अर्ध्या वाटेवर.

मचाणावरून बाई खाली उतरल्या होत्या. काठापासून चांगल्या आत, मांड्यांपर्यंत पाण्यात उभ्या, आणि हातात भाजीचा मोठा सुरा. त्याने त्या लव्हाळी कापत होत्या. म्हणजे कापायचा प्रयत्न करत होत्या. एका हाताने सुरा ओढायच्या, दुसऱ्या हाताने तोल सांभाळायच्या. बाजूला पाण्यावर दोन-चार मूठ तुकडे तरंगत होते.

"मी हाका मारल्या," धाकटा म्हणाला. "म्हणतात, मला पकड. कसं पकडू? वय काय त्यांचं. हात लावला आणि पडल्या तर? तूच आण त्यांना बाहेर."

"मला आत जायची मनाई आहे."

"वहिनी."

"तूच सांगितलंस. ओळख-पाळख काही नाही."

धाकट्याने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. मग कमरेची किल्ली घेऊन त्याने गेट उघडलं आणि तोंड दुसरीकडे वळवून उभा राहिला. थोरली आत गेली.

पाण्यात पाय टाकला आणि तिला क्षणभर बाईंचा विसर पडला. बोटांमधून चिखल वर आला, गार, गुळगुळीत, ओळखीचा. इतके महिने पाय कोरड्या जमिनीवर चालत होते आणि त्यांचं काहीतरी दुखत होतं हे तिला आत्ता कळलं. लव्हाळी बाजूला सारत ती बाईंपर्यंत पोचली.

"आलीस?" बाई म्हणाल्या. ओठ निळे पडले होते. "माझ्यावर गुन्हा दाखल व्हायला हवा. मग मला कोर्टात उभं करतील. मग मी बोलणार. दुसरा रस्ता नाही, मी सगळे करून पाहिले."

"आधी बाहेर या."

"येता येत नाही. पुढे घरटं आहे, आणि मागचा पाय रुतलाय."

थोरलीने वाकून पाहिलं. हातभर अंतरावर खरंच घरटं होतं, आणि त्यावर एक पाणकोंबडी अंग फुगवून दोघींकडे एका डोळ्याने बघत होती. थोरली बाईंच्या मागे गेली, चिखलात हात घालून त्यांचा पाय मोकळा केला, आणि त्यांना काखेत धरून मागच्या मागे वळवलं. सुऱ्याने बाईंचं बोट कापलं होतं, ते त्यांना माहीतच नव्हतं. तिने डोक्याचं फडकं फाडून त्याला गुंडाळलं. निघताना तिने पाण्यावरचे तुकडे गोळा केले आणि बगलेत मारले. कापलेलं पाण्यात कुजायला ठेवायचं नाही, ही हाताची सवय. मनात काही नव्हतं.

काठावर राखीव क्षेत्राची जीप उभी होती. कुणीतरी इमारतीतून फोन केला होता. साहेब पुढे धावले आणि त्यांनी बाईंना हात दिला.

"बाई, तुम्ही ठीक आहात ना? अहो, लागलंय तुम्हाला. हिने काही केलं का?"

"तिने काय करायचंय? मी कापली लव्हाळी. हा सुरा माझा आहे. माझ्यावर गुन्हा नोंदवा."

साहेबांनी सुऱ्याकडे पाहिलं नाही. थोरलीच्या बगलेतल्या ओल्या पेंढीकडे पाहिलं. "बाई, तुमचं मन मोठं आहे. ते आम्हाला ठाऊक आहे. तुमच्यामुळे ही जागा आहे. पण असं पाठीशी घालू नका."

"मी पाठीशी घालत नाहीये. मी खरं सांगतेय."

"हो, हो. तुम्ही गाडीत बसा. गारठलात." मग त्यांचा आवाज बदलला. "तू आत कशी शिरलीस? गेट कुणी उघडलं?"

हे थोरलीला विचारलं होतं, पण साहेब धाकट्याकडे बघत होते. धाकट्याने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. गणवेशाच्या बाह्या आता बरोबर झाल्या होत्या. थोरलीनेच त्या आखूड करून दिल्या होत्या.

"गेट बंद होतं," थोरली म्हणाली. "तार वाकवून आले."

धाकटा बुटांकडे बघत राहिला.

राखीव क्षेत्राचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक बाक, एक टेबल, भिंतीवर पक्ष्यांची चित्रं. थोरली बाकावर बसली. तिच्या पायाखाली पाण्याचं थारोळं झालं. साहेबांनी बाईंना घरी सोडायला गाडी काढायला सांगितली, तर बाई येऊन थोरलीच्या शेजारी बसल्या आणि उठेनात. त्यांच्या अंगावर कुणाचीतरी शाल टाकली होती. साहेबांनी दोनदा समजावलं, मग ते फोन करायला आतल्या खोलीत गेले.

"मी काय करून बसले," बाई म्हणाल्या.

बाई तिच्यासाठी पाण्यात उतरल्या होत्या, आणि त्यामुळेच ती इथे बसली होती. त्यांच्या गळ्यात पडावं की त्यांना चार शब्द सुनवावेत? बाईंचे दात वाजत होते. तिने त्यांची शाल नीट केली.

"कोर्टात मला बोलावतील ना पण?" बाईंनी विचारलं. "साक्षीला तरी?"

"बोलावतील. दुर्बीण घेऊन या."

टेबलाशी बसलेला कारकून वयस्कर होता, कामाला कंटाळलेला. त्याने कोरा कागद ओढला, पेन झटकलं आणि चष्म्यावरून थोरलीकडे पाहिलं. वय विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं, राहण्याचं ठिकाण विचारलं. तिने सगळं सांगितलं. बाई प्रत्येक वेळी मध्ये बोलायला जायच्या आणि तो हात वर करून त्यांना थांबवायचा.

"धंदा?"

धाकटा दारात उभा होता. तो पहिल्यांदा काही बोलला, अगदी हळू, ओठ न हलवल्यासारखं. "घरकाम सांग, वहिनी."

"लव्हाळी कापते," थोरली म्हणाली.

कारकुनाचं पेन थांबलं. आतल्या खोलीत साहेब फोनवर बोलत होते. कारकुनाने त्या दाराकडे एकदा बघून घेतलं आणि पुढे वाकला. "कापता की कापत होता? नीट आठवून सांगा. कापते म्हणालात तर ती कबुली झाली, कापत होते म्हणालात तर जुनी गोष्ट झाली. तेव्हा मनाई नव्हती. मला तसं लिहिता येतं."

माणूस भला होता. तो दार उघडून देत होता, हे तिला समजलं. धाकट्याने तर मान हलवून होकारच दिला, तिच्या वतीने. तिने बाईंकडे पाहिलं. इतक्या वर्षांत कोर्टात, कचेरीत, मोर्चात काय बोलायचं ते बाईंनी तिला सांगितलं होतं. आता त्या बांधलेलं बोट मुठीत धरून नुसत्या तिच्याकडे बघत होत्या.

थोरलीला बाकी सगळ्याचा गोंधळ होता. कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, पाणथळ कुणाची, ह्याचं उत्तर तिला कुणी विचारलं असतं तर ती गप्पच बसली असती. पण कारकुनाने ते विचारलंच नव्हतं.

"कापते," ती म्हणाली.

कारकुनाने पुन्हा एकदा चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग लिहिलं. थोरलीने पाय जवळ घेतले. पिंढऱ्यांवरचा चिखल वाळून पांढरा पडत चालला होता. तो तिने झटकला नाही.